कपाटाची किल्ली : अंतराळातले डॉक्टर आणि चुलबंदकाठची एक रात्र

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. गुढी उतरवून झाली होती आणि भंडाऱ्यातल्या आमच्या घराच्या अंगणात आम्ही खुर्च्या टाकून बसलो होतो. पावणेआठच्या सुमारास आकाशातून पेटत्या निखाऱ्यांची एक ओळ सरकत गेली. उल्का म्हणावी तर फार हळू, विमान म्हणावं तर फार तेजस्वी. पाच मिनिटांत फोन वाजला. चुलबंद नदीकाठच्या एका गावातून माझा जुना परिचर बोलत होता.

"साहेब, पाहालं का जी? का होतं ते?"

दुसऱ्या दिवशी कळलं की शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक मोठी कडी येऊन पडली. तो एका चिनी रॉकेटचा उरलेला भाग होता, असं पुढे अभ्यासकांनी सांगितलं. मी त्याला फोन करून हे समजावून दिलं. त्यावर तो म्हणाला, "आपल्या वेळेस असं काही नोतं जी आभाळात."

'आपली वेळ' म्हणजे १९८४. त्या वर्षी आम्ही दोघं एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. तो परिचर, मी नुकताच नागपूरहून एमबीबीएस होऊन आलेला चोवीस वर्षांचा वैद्यकीय अधिकारी. मी त्याला म्हणालो, "होतं बाबा. आपल्याला दिसत नव्हतं, एवढंच."

आभाळात तेव्हा काय होतं, हे मलाही खूप उशिरा, निवृत्तीनंतरच्या वाचनात कळलं. ते कळल्यापासून अंतराळवैद्यकाचा इतिहास हा माझा छंद झाला. भात पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या निवृत्त सरकारी डॉक्टरला हा छंद कशाला, असं मुलं विचारतात. हा लेख म्हणजे त्यांना दिलेलं लांबलेलं उत्तर आहे.

•

३ एप्रिल १९८४ रोजी स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा सोयुझ टी-११ यानातून अंतराळात गेले. आम्ही आरोग्य केंद्राच्या ओसरीत रेडिओभोवती बसून ती बातमी ऐकली. पंतप्रधानांशी झालेलं त्यांचं संभाषण सगळ्या देशाला पाठ आहे. मात्र सॅल्युत-७ या स्थानकात शर्मांचं स्वागत करणाऱ्या तिघांपैकी एक जण डॉक्टर होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ओलेग आत्कोव हे मॉस्कोचे हृदयरोगतज्ज्ञ ८ फेब्रुवारीला वर पोचले होते आणि २ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ २३७ दिवस, तिथेच राहिले. तेव्हाचा तो विक्रम होता. सोबतचे किझिम आणि सोलोव्योव यांच्या हृदयात वजनरहित अवस्थेत काय बदल होतात, हे ते अल्ट्रासाऊंडच्या यंत्राने पाहत होते.

म्हणजे १९८४ च्या त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आमच्या डोक्यावरून एक हृदयरोगतज्ज्ञ अल्ट्रासाऊंडचं यंत्र घेऊन फेऱ्या मारत होता. खाली, आजच्या लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या केंद्रात, एक स्टेथोस्कोप होता, रक्तदाबाचं यंत्र होतं, सहा खाटा होत्या आणि एक कुलूपबंद लोखंडी कपाट होतं. आत्कोव यांच्या तीन माणसांसाठी एक डॉक्टर होता. माझ्या वाट्याला तीसेक गावं होती.

ही तुलना रडगाणं म्हणून केली, तर तिचा काही उपयोग नाही. अंतराळावर खर्च का करायचा, हा वाद मला घालायचा नाही. मला दुसरीच गोष्ट खटकत राहिली. आत्कोवना ते जिथे जाणार होते तिथल्यासाठी तयार केलेलं होतं. मला नव्हतं.

•

अंतराळवैद्यकाचा उगम विमानवैद्यकात आहे. माणूस उंच गेला की प्राणवायू कमी पडतो, दाब घटतो, थंडी वाढते, वेगाने वळलं की रक्त पायांकडे उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. लढाऊ वैमानिकांना जिवंत आणि शुद्धीवर ठेवण्यासाठी डॉक्टरांची एक वेगळी जात तयार झाली. इंग्रजीत तिला 'फ्लाइट सर्जन' म्हणतात, जरी ही मंडळी बहुधा शस्त्रक्रिया करत नाहीत.

या इतिहासाचं एक पान काळं आहे आणि ते उलटून पुढे जाता येत नाही. ह्युबर्टस स्ट्रगहोल्ड हे जर्मन वायुदलाच्या विमानवैद्यक संस्थेचे प्रमुख होते. युद्धानंतर अमेरिकेने त्यांना आपल्याकडे नेलं. १९४९ साली टेक्सासमध्ये अंतराळवैद्यकाचा पहिला स्वतंत्र विभाग सुरू झाला, तो त्यांच्या हाताखाली. 'अंतराळवैद्यकाचे जनक' म्हणून त्यांचा गौरव झाला, त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जाऊ लागला. पण ऑक्टोबर १९४२ मध्ये न्युरेम्बर्गला भरलेल्या ज्या बैठकीत डाखाऊच्या छळछावणीतल्या कैद्यांना बर्फगार पाण्यात बुडवून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले गेले, तिथे ते हजर होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार अखेर २०१३ मध्ये बंद झाला. माणूस कुठवर तग धरतो हे शोधणाऱ्या शास्त्राला, कोणत्या माणसावर आणि कुणाच्या संमतीने, हा प्रश्न जन्मापासून चिकटलेला आहे. अंतराळवीर आणि त्याचा डॉक्टर यांच्यातल्या विश्वासाची, गुप्ततेची जी एवढी काळजी आज घेतली जाते, तिला ही पार्श्वभूमी आहे.

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन १०८ मिनिटांत परत आले, तेव्हा डॉक्टरांच्या मनातले अगदी प्राथमिक प्रश्न सुटले. वजन नसताना भान टिकतं का, घोट गिळता येतो का, इथून सुरुवात होती. तीन वर्षांनी, १२ ऑक्टोबर १९६४ रोजी बोरिस येगोरोव हे अंतराळात जाणारे पहिले डॉक्टर ठरले. त्यांच्या वोस्खोद यानात तिघांना बसवायचं तर जागा नव्हती, म्हणून तिघेही अंतराळपोशाखाशिवाय गेले. एक दिवसाचा प्रवास. डॉक्टरने आपल्या डोळ्यांनी पाहावं, नाडी आपल्या बोटांनी मोजावी, एवढंच त्यातून साधायचं होतं.

अमेरिकेचे पहिले डॉक्टर-अंतराळवीर जोसेफ कर्विन. ते २५ मे १९७३ रोजी स्कायलॅबकडे निघाले आणि २८ दिवस राहिले. त्याआधीच्या वर्षी ह्यूस्टनला एका बंद कक्षात तिघांनी ५६ दिवस राहून सगळ्या वैद्यकीय प्रयोगांची रंगीत तालीम केली होती. त्या तिघांत विल्यम थॉर्नटन हे डॉक्टर होते. कर्विन यांचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ते आपले कमांडर पीट कॉनरॅड यांचं तोंड तपासताहेत आणि कॉनरॅड चक्क उलटे आहेत, डोकं खाली, पाय वर. हसू येतं. पण त्यात एक धडा आहे. वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही रुग्णाच्या उजव्या हाताला उभं राहायला शिकलो. तिथे उजवंही नाही आणि उभं राहणंही नाही. म्हणजे शिकलेल्यातलं अर्धं अधिक आधी विसरावं लागतं.

छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याची क्रिया घ्या. जमिनीवर आपण स्वतःचं वजन वापरतो. वर वजनच नाही. दाबायला गेलं की दाबणाराच मागे फेकला जातो. म्हणून रुग्णाला पट्ट्यांनी फळीला बांधतात आणि डॉक्टर उलटा होऊन, पाय समोरच्या भिंतीला टेकवून, पायांच्या जोरावर हातांनी दाब देतो. हे पुस्तकात वाचून येत नाही. परवलयाकार मार्गाने झेपावणाऱ्या विमानात काही सेकंद वजनरहित होता येतं. तिथे जाऊन, उलट्या पोटाने, हे पुन्हा पुन्हा करावं लागतं.

•

या इतिहासातलं जे प्रकरण मी सर्वांत जास्त वेळा वाचलं, ते अंतराळात घडलेलं नाही. ते ॲरिझोनाच्या वाळवंटात घडलं.

सत्तरच्या दशकात नासापुढे प्रश्न होता : मोहिमा महिनोन्‌महिने चालणार असतील, डॉक्टर दूर पृथ्वीवर असेल आणि आजारी माणसाजवळ फक्त थोडंफार शिकवलेला सहकारी असेल, तर उपचार कसे करायचे? याची तालीम कुठे करायची? त्यांनी निवडला तो 'पापागो' या नावाने तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या आदिवासींचा राखीव प्रदेश. ही माणसं स्वतःला तोहोनो ओ'ओधम म्हणवतात. विस्तीर्ण मुलूख, विखुरलेल्या वस्त्या, लांबचं इस्पितळ. 'स्टारपाक' हे त्या प्रकल्पाचं संक्षिप्त नाव. १९७५ ते १९७७ या काळात एक्स-रे आणि प्रयोगशाळा असलेली गाडी वस्त्यांमधून फिरत असे. गाडीत डॉक्टर नसे, प्रशिक्षित आरोग्यसेवक असे. सूक्ष्मलहरींच्या दुव्यावरून त्याचं चित्र आणि आवाज सेल्स गावच्या इस्पितळातल्या डॉक्टरपर्यंत पोचत आणि गरज पडली तर पुढे फिनिक्सच्या तज्ज्ञांपर्यंत.

म्हणजे अंतराळासारखी जागा पृथ्वीवर शोधायची, तर ती सापडली एका गरीब, आदिवासी, दुर्गम भागात. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. नासाच्या लोकांना जे दिसलं ते आम्हाला आमच्याच केंद्रात बसून दिसलं नव्हतं. आम्ही 'मागास भाग' म्हणत होतो. त्यांनी त्याला 'डॉक्टरपासूनचं अंतर' म्हटलं. मागासपणाला कुणी उत्तर शोधत नाही. अंतराला शोधता येतं.

•

आता त्या रात्रीबद्दल सांगतो.

ऑगस्ट १९८४. रोवणीचे दिवस. बाया दिवसभर बांधीत वाकलेल्या, रात्री सगळं घर जमिनीवर निजलेलं. मण्यार अशाच घरांत शिरते. तिच्या दंशाला ना सूज येते ना फार वेदना. कधी कधी दाताची खूणही दिसत नाही. रात्री नऊच्या सुमारास बारा वर्षांची एक पोर बैलबंडीतून आणली. संध्याकाळी झोपली होती, पोटात दुखतं म्हणून उठली होती. मी पाहिलं तेव्हा तिच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या आणि मान धरवत नव्हती. पापण्या, मग घसा, मग श्वासाचे स्नायू : मण्यारीचं विष याच क्रमाने खाली उतरतं. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत मी ते लिहिलं होतं.

हाफकिनची सापाची लस आमच्याकडे थोडी होती. ती दिली. पण स्नायू लुळे पडू लागल्यावर लस फारसं काही परत आणत नाही. अशा वेळी फक्त एकच गोष्ट माणसाला वाचवते : विष उतरेपर्यंत कुणीतरी त्याच्यासाठी श्वास घेत राहणं. मोठ्या इस्पितळात यंत्र हे करतं. यंत्र नसेल तर 'अंबू बॅग', म्हणजे मुखवटा लावलेला रबरी फुगा, हाताने दाबत राहायचं. दर मिनिटाला पंधरा-सोळा वेळा, तासन्‌तास.

चुलबंदेला पूर होता. रस्ता बंद. फोन नव्हता. अंबू बॅग होती, पण त्या लोखंडी कपाटात. किल्ली कंपाउंडरजवळ आणि कंपाउंडर बैठकीसाठी भंडाऱ्याला. महाग वस्तू, नोंदवहीत चढवलेली, हरवली तर पगारातून कापली जाणारी. म्हणून कुलपात. मी त्या कपाटासमोर काही क्षण नुसता उभा राहिलो. परिचराने मागून विचारलं, "तोडू का जी?" मी 'हो' म्हणेपर्यंत त्याने पहारेने कडी उचकटली होती.

पुढचा तास मी एकटाच बॅग दाबत होतो. मग माझी बोटं वळेनाशी झाली. हनुवटी वर धरून मुखवटा घट्ट बसवायचा, नाहीतर हवा बाजूने निसटते. फुगा सावकाश दाबायचा, नाहीतर हवा पोटात जाते. छाती उचलली जाते का ते बघत राहायचं. हे मी त्या परिचराला कंदिलाच्या उजेडात दहा मिनिटांत शिकवलं. सातवी शिकलेला माणूस. त्याने विचारलं ते एवढंच, "किती येळा दाबाचं जी?" मी म्हणालो, तू श्वास घेशील तेवढ्या वेळा. पहाटेपर्यंत आम्ही आळीपाळीने दाबत राहिलो. मधले दोन तास पोरीच्या बापाने दाबलं. त्यालाही परिचरानेच शिकवलं, मी नव्हे. मी भिंतीला टेकून झोपलो होतो.

सकाळी पाणी थोडं उतरल्यावर ढिवरांच्या डोंग्यातून पोरीला पलीकडे नेलं, तिथून जीपने नागपूरला. संपूर्ण वाटेत बॅग थांबली नाही. पोर जगली. आज ती आजी आहे.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती कधीच लिहिली नसती. पुढच्या वर्षी परिचराची बदली झाली. कपाटाला नवं कुलूप लागलं आणि त्याचा खर्च माझ्या नावावर दाखवला गेला. त्यानंतरच्या पावसाळ्यात एका रात्री मी रजेवर असताना तसाच एक रुग्ण आला, चाळिशीचा शेतकरी. केंद्रात नर्सबाई होत्या. त्यांना कुणी कधी बॅग धरायला शिकवलं नव्हतं. मीही नाही. तो माणूस नदीकाठी, डोंग्याची वाट पाहत असताना गेला.

मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत राहिलो की मी रजेवर होतो. ते खरंच आहे. पण एका रात्री दहा मिनिटांत जे शिकवता आलं, ते पुढच्या वर्षभरात मी आणखी कुणालाही शिकवलं नाही, हेही तितकंच खरं आहे.

•

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेहमी डॉक्टर असतोच असं नाही. बहुतेक वेळा नसतो. पण प्रत्येक पथकात दोन जणांना वैद्यकीय जबाबदारीसाठी तयार केलेलं असतं. वैमानिक असोत, अभियंते असोत, त्यांना साधारण ४० तासांचं प्रशिक्षण मिळतं : टाके घालणं, शीर शोधणं, दात भरणं, श्वासनलिका मोकळी ठेवणं. दोन जण का? कारण आजारी पडणारा त्यातलाच एक असू शकतो. मी रजेवर जाऊ शकतो, ही शक्यता त्यांनी आधीच मोजून ठेवली आहे.

वर एक्स-रे यंत्र नाही, शस्त्रक्रियेचं टेबल नाही. औषधपेटीतली प्रत्येक वस्तू वजन आणि जागा यांच्या हिशेबात बसावी लागते. म्हणून तिथे अल्ट्रासाऊंड हाच डोळा. २००४ साली माईक फिंक आणि गेनादी पडाल्का या दोन अंतराळवीरांनी, दोघेही डॉक्टर नसताना, स्थानकावर खांद्याची अल्ट्रासाऊंड तपासणी केली आणि पृथ्वीवरच्या तज्ज्ञांनी त्यांना आवाजाने वाट दाखवली. ते निष्कर्ष 'रेडिऑलॉजी' या नियतकालिकात त्यांच्याच नावांनी छापले गेले. फ्लाइट सर्जनच्या शिक्षणाचा हा गाभा आहे : स्वतः करण्याइतकंच, दुसऱ्याच्या हातांकडून करवून घेणं शिकणं. 'थोडं डावीकडे, आता थांब, आता श्वास रोखायला सांग.' घाईत असलेल्या, घाबरलेल्या, वैद्यकाची भाषा न कळणाऱ्या माणसाशी कसं बोलावं, याची तालीम.

जानेवारी २०२० मध्ये एक प्रकरण प्रसिद्ध झालं. स्थानकावरच्या एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी आढळली. त्रास काहीच नव्हता. संशोधनासाठी केलेल्या तपासणीत ती दिसली. अंतराळवीराचं नाव जाहीर केलं गेलं नाही. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं औषधपेटीत होती, पण मोजकी. ती पुरवून पुरवून सुमारे ४० दिवस चालवली, मग मालवाहू यानातून गोळ्या पाठवल्या. उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारलेला प्रश्न होता : पेटीत काय आहे आणि किती आहे? हा प्रश्न वाचून मी हसलो. प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेला कुणीही हसेल. आम्ही हा प्रश्न रोज विचारत होतो, फरक एवढाच की त्याला कुणी शास्त्र म्हणत नव्हतं.

वेळेवर उतरवणं हाही उपचारच असतो. १९८५ साली त्याच सॅल्युत-७ वर कमांडर व्लादिमिर वास्युतिन आजारी पडले आणि मोहीम अर्धवट सोडून पथकाला नोव्हेंबरमध्ये परत यावं लागलं. चंद्रापर्यंत असं परतणं काही दिवसांचं. मंगळावरून ते शक्यच नाही. तिथून पाठवलेला प्रश्न पृथ्वीवर पोचायलाच २० मिनिटांपर्यंत लागू शकतात, उत्तर यायला तेवढीच. श्वास बंद पडलेल्या माणसाला एवढा वेळ नसतो. म्हणून मंगळासाठी पुन्हा आत्कोव यांच्यासारखा, सोबत जाणारा डॉक्टर लागेल, असं मानणारे बरेच आहेत. वालेरी पोल्याकोव या रशियन डॉक्टरांनी १९९४-९५ मध्ये मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस काढले, ते हेच दाखवायला. खाली उतरल्यावर कुपीतून बाहेर येऊन ते स्वतःच्या पायांनी जवळच्या खुर्चीपर्यंत गेले.

•

आपल्या देशात या शास्त्राचं घर आहे बंगळुरूची वायुदलाची एरोस्पेस मेडिसिन संस्था. २९ मे १९५७ रोजी ती विमानवैद्यकाची शाळा म्हणून सुरू झाली. महाराष्ट्राशी तिचा धागा पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून जातो. भारतातल्या पहिल्या महिला एरोस्पेस मेडिसिन तज्ज्ञ पद्मा बंदोपाध्याय पुण्यात शिकल्या आणि पुढे वायुदलात एअर मार्शल पदावर पोचणाऱ्या पहिल्या महिला झाल्या. राकेश शर्मा आणि त्यांचे राखीव सहकारी रवीश मल्होत्रा यांची निवडही वायुदलाच्या डॉक्टरांच्या हातून झाली. बंगळुरूत आपल्याला ७२ तास एका खोलीत बंद ठेवलं होतं, बंदिस्त जागेची भीती वाटते का हे पाहायला, असं शर्मांनी मुलाखतीत सांगितलं आहे.

गगनयानासाठीची वैद्यकीय निवडही याच संस्थेत झाली. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झालेले चारही अंतराळवीर वायुदलाचे वैमानिक. त्यांत डॉक्टर नाही. म्हणजे आपला डॉक्टर जमिनीवर असणार. त्याच्या शिक्षणासाठी १५ एप्रिल २०२१ रोजी इस्रो आणि फ्रान्सची अंतराळसंस्था यांच्यात करार झाला. भारतीय फ्लाइट सर्जनांना फ्रेंच अनुभवाचा लाभ मिळावा हा त्याचा एक भाग. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला स्थानकावर होते, तेव्हा त्यांच्या खासगी वैद्यकीय बोलण्यांत इस्रोचे डॉक्टर सामील असत. १९८४ साली आपला माणूस वर गेला, तेव्हा त्या स्थानकात रशियन डॉक्टर होता. ४१ वर्षांनी त्याच्याशी बोलणारा डॉक्टर आपला होता. या प्रवासाचा मला अभिमान वाटतो, तो लपवत नाही.

पण हा धडा शिकायला बंगळुरूपर्यंतही जावं लागत नाही. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तो नव्वदच्या दशकातच गिरवून दाखवला. गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना त्यांनी आरोग्यदूत केलं. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखणं, इंजेक्शन देणं आणि, हे वाचताना माझे हात थरथरले, जन्मतः न रडणाऱ्या बाळाला बॅग आणि मुखवट्याने श्वास देणं, हे सगळं त्या झोपडीत करत. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले : त्या ३९ गावांत नवजात बालमृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झालं. त्या बायांच्या हातात बॅग होती आणि तिला कुलूप नव्हतं. शिवाय त्यांची उजळणी होत असे, कामाची तपासणी होत असे, प्रत्येक मृत्यूची चौकशी होत असे. दहा मिनिटांचं शिकवणं आणि टिकणारं शिक्षण यांत हाच फरक आहे. पहिलं मी केलं. दुसरं करायला व्यवस्था लागते.

इस्रोने २००१ पासून उपग्रहाद्वारे दूरवैद्यक सुरू केलं. २०१९ पासून 'ई-संजीवनी' आहे. आज माझ्या जुन्या केंद्रातला तरुण डॉक्टर नागपूरच्या तज्ज्ञाशी पडद्यावर बोलू शकतो. हे मोठं काम आहे. पण पडदा बॅग दाबत नाही. पडद्याच्या या टोकाला कुणाचे तरी हात लागतात, शिकवलेले, सराव असलेले. आणि कपाट उघडं लागतं.

•

गुढीपाडव्याच्या त्या फोननंतर काही दिवसांनी मी परिचराकडे गेलो. आता तो सत्तरी ओलांडलेला. अंगणात खाटेवर बसून मी त्याला आत्कोवची गोष्ट सांगितली : आपण त्या रात्री बॅग दाबत होतो, तेव्हा वर एक डॉक्टर होता, त्याच्याकडे सगळं होतं, सगळं शिकवून पाठवलेलं होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याले कपाटाची किल्ली कोन देत होतं जी?"

मी म्हणालो, तिथे कपाटाला कुलूप नसतं.

"मंग बराबर हाय," तो म्हणाला आणि चहा आणायला सुनेला हाक मारली.

निघताना त्याची नात दारात आली. गावातली आशा कार्यकर्ती आहे. मी माझ्या पिशवीतली बॅग आणि मुखवटा काढला. हल्ली मी जिथे जातो तिथे तो सोबत असतो. तिला म्हणालो, बस, दहा मिनिटं लागतील. तिच्या आजोबाने मला हाताने थांबवलं. "साहेब, तुमी बसा. मी शिकवतो."

खाटेवर उशी ठेवून, तिला हनुवटी मानून, त्याने सुरुवात केली. पुढच्या महिन्यात मी पुन्हा जाणार आहे, उजळणी घ्यायला.